तीन फ्लॅट, एकच जिना

माणूस ज्या भाषेत भांडतो ती त्याची भाषा, बाकी सगळी दुकानदारी, असं आमच्या ह्यांचं मत. मत घरात ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण ह्या माणसाने त्या मतावर तीन फ्लॅट घेतले आणि त्याच मतावर ते भाड्याने दिले. इंदूरच्या भंवरकुआंला, कोचिंगवाल्या गल्लीच्या मागे, एकाच बिल्डिंगीत, एकाच जिन्यावर. पहिल्या माळ्यावर एक, त्याच्या वर एक, त्याच्याही वर एक.

ह्यांचं नाव पंढरीनाथ. पोलोग्राउंडला पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे उभा जन्म नोकरी केली, सुपरवायझर होऊन रिटायर झाले. प्रायव्हेट नोकरी, म्हणजे पेन्शनच्या नावाने शिमगा. तेव्हा म्हातारपणी आपल्याला जेवू कोण घालेल, तर हे तीन फ्लॅट घालतील, असा हिशोब. हिशोब चुकीचा होता असं मी म्हणत नाही. आमचा प्रणव हैदराबादला असतो, त्याच्या तोंडाकडे बघत बसायची माझीही तयारी नव्हती.

आम्ही स्वतः राहायचो मल्हारगंजात. सासऱ्यांनी मिल बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून घेतलेल्या दोन खोल्या, खाली भांड्यांचं दुकान, गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. घर म्हणून काही बघण्यासारखं नव्हतं, पण पक्कं होतं.

भाडेकरू निवडायची ह्यांची पद्धत ऐकाल तर डोक्याला हात लावाल. लोक पगाराची स्लिप बघतात, आधार कार्ड बघतात, पोलिसात कळवतात. हे रविवारी सकाळी नवरा-बायकोला घरी बोलवायचे, पोहे द्यायचे, आणि मग मुद्दाम काहीतरी काडी टाकायचे. "काय हो वहिनी, फ्लॅट ह्यांना आवडला की तुम्हाला?" एवढं पुरायचं. दोघं जिन्यात उतरता उतरता एकमेकांना बोलायला लागायची, आणि हे दाराआड उभे राहून ऐकायचे. मराठीत भांडली तर पास. हिंदीत भांडली की हे आत येऊन म्हणायचे, "नाव कुलकर्णी आहे नुसतं. आत काही नाही." एकदा मी म्हटलं, अहो, लोक न भांडणारे भाडेकरू शोधतात. तर हसले.

हसण्यावारी नेलं खरं, पण मुळात गोष्ट हसण्याची नव्हती. हे मिलच्या चाळीत वाढले. अख्खी ओळ मराठी, कोणी मिलमध्ये क्लार्क, कोणी रेल्वेत, कोणी शाळामास्तर. मिल बंद झाली आणि दाणे उधळावेत तशी माणसं गेली. कोणी पुण्याला, कोणी मुलीकडे नागपूरला, कोणी शहराबाहेरच्या कॉलन्यांमध्ये. सासूबाई मल्हारगंजात आल्या त्या एकट्या पडल्या. शेजारपाजार वाईट नव्हता, बिचारे "अम्माजी, अम्माजी" करायचे. पण शेवटच्या आजारपणात त्यांचं हिंदी गेलं. पार पुसलं गेलं. डॉक्टर विचारायचा, "अम्मा, दर्द कहाँ है?" आणि त्या नुसत्या बघायच्या. मी आणि हे नसलो की दिवसभर त्या कोणाशी बोलू शकत नव्हत्या. त्या गेल्या त्या दुपारीही आम्ही दोघं बाहेर होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कुछ बोल रही थीं, हमको समझ में नहीं आया." ते वाक्य ह्या माणसाच्या काळजात रुतून बसलं. त्यानंतर दोन वर्षांनी पहिला फ्लॅट घेतला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे घर घेत नाहीयेत, चाळ परत उभी करायला निघालेत. दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी मी म्हटलं, आता दुसरीकडे बघू. एखादा बायपासकडे बघू, नाहीतर छोटा प्लॉट. एका ठिकाणी काही झालं तर दुसरं राहील. साधी गृहिणीची अक्कल आहे हो, सगळं धान्य एका कोठीत नाही ठेवत आपण, एकीला कीड लागली तर दुसरी असते. तर म्हणे, "अगं, एका जिन्यावर तीन मराठी घरं झाली की चौथं आपोआप येईल. गणपती बसेल. कोजागिरी होईल." मी म्हटलं, "भाडं येईल का?" म्हणाले, "तेही येईल."

एक सांगते. ह्या माणसाने आयुष्यभर कारखान्यात लोखंड तपासलं. हातात घेऊन सांगायचे, हा माल खराब आहे, परत पाठवा. आणि स्वतःचा पैसा घालताना बघितलं काय, तर जिन्यात कुठली भाषा ऐकू येते. खालचा पाइप कुठे गळतो, पाणी कुठे मुरतं, कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही तर बांधलेलंही धड पाहिलं नाही.

चौथं घर काही आलं नाही. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली मुलं यायची, दोन वर्षं राहायची, बदली झाली की जायची. मग फ्लॅट रिकामा. भंवरकुआंला रिकामा फ्लॅट म्हणजे गुन्हाच आहे. कोचिंगची पोरं दाराशी उभी राहायची, "अंकल, जो बोलोगे वो दे देंगे." हे मान हलवायचे. तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट मागे कितीतरी महिने असाच कुलूपबंद पडला होता. मी चिडून म्हणायचे, "देव्हाऱ्यात ठेवा त्याला, फुलं वाहा." पण एक होतं. पहिल्या माळ्यावर निशांत आणि सुरभी आली, आणि ती टिकली.

निशांत कऱ्हाडचा. इथल्या एका कंपनीत इंजिनियर. सुरभी कॉलेजात शिकवते. आली तेव्हा दोघंच होती, मग आर्या झाली. सुरभीची आई आजारी, तिला येता आलं नाही, तर बाळंतपण मी केलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्रीचं जागरण, सगळं. आर्याचा पहिला शब्द "आजो". आई नाही, बाबा नाही, आजो. हे दोन दिवस जमिनीवर नव्हते. आमच्या प्रणवचा मुलगा फोनवर "हाय आजी" म्हणतो, तिथे त्याचं मराठी संपतं. त्यामुळे ह्या पोरीवर आमचा जीव जडला, सांगायला लाज कसली.

निशांतच्या हिंदीची आम्ही फार टर उडवायचो. कऱ्हाडचं हिंदी ते. "भैया, मेरेको भाजी चाहिए होती." भाजीवाला गोंधळून बघत राहायचा. निशांत म्हणायचा, "काकू, परक्या माणसाशी बोलायला एवढं पुरतं. आपल्या माणसाशी मी कशाला हिंदी बोलू?" हे वाक्य ह्यांना इतकं आवडलं, की ज्याला त्याला सांगत सुटले. आणि भाडं? भाडं पाच वर्षांत एकदाही वाढवलं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "घरच्या माणसाकडून भाडं वाढवून घेतं का कोणी?" घरच्या माणसाकडून भाडंच घेत नाहीत, हे मी जिभेवर आलेलं गिळायचे.

मग एका पावसाळ्यात हे भाडं आणायला गेले आणि खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावताना ह्यांना खांबाचं प्लास्टर फुगलेलं दिसलं. किल्लीने ठोकून बघितलं. पोकळ आवाज आला. शेजारच्या खांबालाही तसाच. वरून येणारा सांडपाण्याचा पाइप किती वर्षं तिथे झिरपत होता, देव जाणे. ह्यांनी मारुतीला बोलावलं. मारुती ह्यांच्यासोबत पोलोग्राउंडला होता, आता दुरुस्तीचे ठेके घेतो. त्याने प्लास्टर थोडं उकरलं. आतली सळई हाताला लागली तशी पापुद्र्यांनी सुटायला लागली.

मारुती म्हणाला, "दादा, उद्या पडेल असं मी म्हणत नाही. पण हे बसून बघायचं काम नाही. खांबांना चारी बाजूंनी नवीन सळई आणि काँक्रीट द्यावं लागेल. आणि सगळ्यांनी मिळून करावं लागेल, एकट्याच्या बस का नहीं है."

सोसायटीची मीटिंग झाली. मीही गेले होते, कारण एक फ्लॅट माझ्या नावावर आहे. मालक जमले, सगळे आमच्यासारखेच, बाहेर राहणारे. कोणी विजयनगरचा, कोणी देवासचा. भाडेकरूंना काही मीटिंगला बोलावत नाहीत. अध्यक्ष पोरवालजी, त्यांचेही दोन फ्लॅट. खर्चाचा आकडा ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरले. मग पोरवालजी म्हणाले, "देखो भिया, बात बाहर गई तो आपका, मेरा, किसी का फ्लॅट नहीं बिकेगा. किराएदार भाग जाएंगे. अभी पाइप बदलवाओ, खंबों पे टाइल लगवाओ, बाकी दिवाली बाद देखेंगे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडलं नाही. मी तर मनात म्हटलं, सुटलो, खर्च टळला.

टाइल्स लागल्या. पिवळ्या, चकचकीत, वर एकेक गणपतीची टाइल, म्हणजे कोणी पान खाऊन थुंकू नये. पार्किंग पहिल्यांदा छान दिसायला लागलं. सुरभी मला म्हणाली, "काकू, बिल्डिंगची किती काळजी घेतात ना हे लोक." मी हो म्हटलं.

दिवाळी आली नि गेली, पोरवालजींना काही आठवण आली नाही. ह्यांचं मात्र चित्त ठिकाणावर नव्हतं. ताटावर बसायचे आणि भाकरीचे तुकडे करत राहायचे. शेवटी एके दिवशी म्हणाले, "शोभा, आपण बाहेर पडू. एकेक करून तिन्ही विकू." मला तर हायसं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस पैसा लावणाऱ्यासारखा बोलत होता.

आणि मग गुढीपाडव्याला निशांत-सुरभी पेढे घेऊन मल्हारगंजात आली. आर्या नवीन परकर-पोलक्यात. निशांत म्हणाला, "काका, ठरलं. मी पुण्याची ऑफर सोडली. आम्ही इथेच राहणार, इंदूरलाच. आणि घर घ्यायचं तर हेच घ्यायचं. तुमचाच फ्लॅट आम्हाला द्या." सुरभी म्हणाली, "मी म्हटलं, दुसरीकडे बघायचं सुद्धा नाही. काकांनी ठेवलेलं घर आहे, त्यात काय बघायचं?"

ज्या गोष्टीसाठी ह्या माणसाने आयुष्याची कमाई ओतली ती चालत दारात आली होती. महाराष्ट्रातून आलेलं एक मराठी घर कायमचं इंदूरचं होणार होतं. आणि हे असे बसले होते की जणू कोणी गेल्याची बातमी आली. मीच पुढे होऊन म्हटलं, "अरे वा, तोंड गोड करा." पेढा ह्यांच्या हातात तसाच राहिला. निशांतला वाटलं, काकांना भरून आलं.

ती गेल्यावर आमचं जे जुंपलं ते खालच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल.

"मी त्याला तो फ्लॅट विकू शकत नाही," हे म्हणाले.

"मग कोणाला विकणार? जो माहितीचा नाही त्याला? तो माणूस नाही?"

"त्यालाही नाही."

"म्हणजे तिन्ही उरावर घेऊन बसायचं," मी म्हटलं. "माझे गुडघे गेलेत, तुम्हाला शुगर आहे, पेन्शन नाही. पोरवालजी विकून मोकळे होतील, तुम्ही खांबाला मिठी मारून बसा. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. बिल्डिंग उभी आहे, उद्या नवीन मालक मिळून दुरुस्ती करतील. निशांत इंजिनियर आहे, करून घेईल तो."

"त्याला सांगून विकला तर करून घेईल."

"सांगितल्यावर कोण विकत घेतं?"

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

मी मागे हटले नाही. आजही म्हणते, मी चूक बोलत नव्हते, मी घाबरले होते. म्हातारपणी हात पसरायची भीती काय असते ते पगार आणणाऱ्याला कळत नाही, घर चालवणारीला कळतं. आठवडाभर आमच्यात धड बोलणं नव्हतं. आणि तिकडे निशांतचं कर्जाचं काम सुरू झालं. कऱ्हाडची वडिलांची जमीन विकून तो पैसे आणणार होता. हे ऐकल्यावर ह्यांनी त्या रात्रीचं जेवण सोडलं.

मग बयाण्याचा, म्हणजे इसाराचे पैसे घेण्याचा, रविवार आला. मी श्रीखंड केलं होतं, डबा मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले. ह्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. मला वाटलं, कागद असतील. मनात म्हटलं, चला, आला बाबा माणूस शुद्धीवर. भंवरकुआंच्या चौकात पोरांची ही गर्दी, हे त्यातून वाट काढत गेले.

पार्किंगमध्ये आर्या तीनचाकी सायकल चालवत होती, खांबाला फेऱ्या घालत. "आजो, बघ, मी न धरता चालवते." निशांत आणि सुरभी आम्हाला घ्यायला खाली आली होती. ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्यातून छिन्नी आणि हातोडी काढली.

"काका, हे काय?" निशांत हसत म्हणाला.

"आर्याला जरा लांब घे," हे म्हणाले. आणि खाली बसून टाइल्सवर घाव घालायला लागले.

एक टाइल पडली, दुसरी पडली. आतलं प्लास्टर ओलसर होतं, हाताने सुटत होतं. सळई दिसली, गेल्या वर्षापेक्षा जास्त खाल्लेली. ह्यांनी तिला छिन्नी लावली तशी ती गंजलेल्या पत्र्यासारखी पापुद्र्यांनी गळली. "हे बघ," ह्यांनी सांगितलं. "ह्या खांबांची हीच गत आहे. ह्यावर तू तुझ्या वडिलांची जमीन घालू नकोस. फ्लॅट मी तुला विकणार नाही."

वर कोणीतरी खिडकी उघडून "क्या तोड़ रहे हो?" म्हणून ओरडलं. निशांत उकिडवा बसून सळई चाचपू लागला. मग उठला, ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं. आम्ही बुडालो असतो." त्याचे डोळे भरले होते. मला, खरं सांगते, त्या क्षणी ह्यांचा अभिमान वाटला. गुडघे, पेन्शन, सगळं विसरले. म्हटलं, हा माणूस वेडा आहे, पण सोनं आहे.

तेव्हा सुरभीने विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं हे?"

अगदी साधेपणाने विचारलं तिने. आणि हे तितक्याच साधेपणाने म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात."

मला आधी काहीच कळलं नाही. ह्यांनाही नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर अजून ते ओझं उतरल्याचं समाधान होतं. सुरभी एकदा खांबाकडे बघत होती, एकदा वर, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीकडे. मग तिने आर्याला सायकलवरून उचललं. पोर म्हणत होती, "मला खेळायचंय," तरी उचललं आणि पार्किंगच्या बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

मग मला कळलं. गेला पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं वर्ष ते लेकरू ह्या खांबांच्या वर झोपत होतं, त्यांच्याभोवती सायकल फिरवत होतं, आणि आम्हाला माहीत होतं. आम्ही फ्लॅट विकावा की नाही ह्यावर भांडलो. सांगावं की नाही ह्यावर भांडलो. पण ती तिघं सामान घेऊन आजच बाहेर पडली पाहिजेत, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. जिला मी न्हाऊमाखू घातलं तिच्याबद्दल आलं नाही. आम्ही तो सगळा वेळ मालकासारखा विचार करत होतो. आणि रोज रात्री मल्हारगंजातल्या पक्क्या घरात दाराला कडी लावून झोपत होतो.

निशांतने ह्यांचा हात सोडला. हे "निशांत, अरे ऐक," म्हणून पुढे झाले. तो एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "रहने दीजिए अंकलजी. हम लोग इस हफ्ते में घर खाली करेगा. बाकी का हिसाब आप फोन पे बता देना."

तेच ते मोडकं कऱ्हाडचं हिंदी, ज्याला आम्ही पोट धरून हसायचो. भाजीवाल्याशी बोलायचं, परक्या माणसाशी बोलायचं. हे तिथेच उभे राहिले, हातात छिन्नी. श्रीखंडाचा डबा माझ्या हातात तसाच होता, तो तसाच घरी परत आला.

ती लोकं चार दिवसांत गेली. निपानियाकडे कुठेतरी भाड्याने घर घेतलं म्हणे. सामान हलवताना हे मदतीला गेले, तर निशांतने "थैंक यू, सामान के लिए आदमी है" म्हणून परत पाठवलं. आर्याला त्यांनी त्या दिवशी आणलंच नव्हतं.

दुसऱ्या माळ्यावरच्या आमच्या फ्लॅटात एक प्राध्यापक भाड्याने राहायचा, ह्यांनी त्याला सांगितलं, सगळ्या भाडेकरूंना दारोदार जाऊन सांगितलं. पोरवालजींनी फोनवर जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. अर्धी बिल्डिंग रिकामी झाली. आमच्या तिन्ही फ्लॅटना कुलपं, भाड्याचा एक पैसा नाही. मी कपाळाला हात लावून बसले होते तर हे म्हणाले, "शोभा, आपण तिथे राहायला जाऊ. पहिल्या माळ्यावर."

"तुम्हाला वेड लागलंय," मी म्हटलं. "तिथे? मुद्दाम?"

"आपण तिथे राहत असतो," हे म्हणाले, "तर मी त्या टाइल्स कधी फोडल्या असत्या?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "लागूच दिल्या नसत्या."

"हां," हे म्हणाले, आणि सामान बांधायला लागले.

मी त्यांना खूप बोलले. तीन दिवस बोलले. पण गेले. मल्हारगंजच्या खोल्या भांडीवाल्याला गोदामाला दिल्या, त्यावर आता आमची भाजी-भाकरी चालते. सुरुवातीला मला झोप लागायची नाही, ट्रक गेला तरी उठून बसायचे. मारुतीने पहिल्याच दिवशी खांबांच्या बाजूला लोखंडी टेकू दिले. हे दर मीटिंगला पहिल्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "मैं ऊपर सोता हूँ, भिया. अब बोलिए, कब करना है." त्यावर कोणाला "दिवाली बाद" म्हणता येईना. खांबांचं काम झालं. आमच्या वाट्याचा खर्च सगळ्यात वरचा फ्लॅट मिळेल त्या भावाला विकून भरला. घेणाऱ्याला आधी खाली नेलं, काय होतं, काय केलं, सगळं दाखवलं, मगच वर नेलं. म्हणून भाव आणखी पडला.

आता जिन्यावर कोचिंगची पोरं राहतात, कोणी रीवाचं, कोणी झाबुआचं. चांगली आहेत. गॅस आणून देतात, मला "आंटीजी" म्हणतात. हे आता भाडेकरूला पोहे देत नाहीत, दाराआड उभे राहत नाहीत. कोण कुठल्या भाषेत भांडतो ह्याची चौकशी बंद झाली.

परवा मी वाण्याच्या दुकानात निशांतला पाहिलं. त्याने मान लववून "नमस्ते आंटीजी" केलं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून हे काही बोलले, त्यावर मी चिडले, आणि आमचं नेहमीसारखं जुंपलं, दारं उघडी टाकून. वरून एक पोर उतरत होतं, ते थांबून ऐकत राहिलं. हे एकदम गप्प झाले.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही," हे म्हणाले. "आता ह्या जिन्यावर मराठीत भांडणारे आपणच उरलो."

मी दार लावून घेतलं आणि त्यांना दुसरी भाजी वाढली.